तो कुकआउट, बार्बेक्यू नव्हे

४ जुलैची दुपार. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी, ताईच्या मागच्या अंगणात मी जाळीपाशी चिमटा घेऊन उभा होतो. कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा दिसले, म्हणून मोठ्या उत्साहाने आमंत्रण दिलं, "आज आमच्याकडे बार्बेक्यू आहे, या ना!"

आजोबांनी मान उंचावून जाळीवर काय आहे ते बघितलं. मक्याची कणसं, हॉट डॉग आणि भाऊजींनी रात्रभर दह्यात मुरवलेल्या कोंबडीच्या तंगड्या. "हा कुकआउट झाला," ते म्हणाले. "बार्बेक्यू कुठंय?"

मला वाटलं, फिरकी घेताहेत. पण तसं नव्हतं. इथल्या जुन्या माणसांच्या लेखी अंगणात जमून भाजून खायची मेजवानी म्हणजे कुकआउट. बार्बेक्यू ही मेजवानी नाही, अंगणातली शेगडीही नाही. बार्बेक्यू हा पदार्थ आहे: निखाऱ्यांच्या मंद धगीवर तासन्‌तास शिजलेलं डुकराचं मांस. जाळीवर टाकलं, उलटलं, पंधरा मिनिटांत ताटात आलं, ते ग्रिलिंग. आपल्याकडे हॉटेलात टेबलावर शेगडी ठेवून सळया खोचतात, त्यालाही आपण बिनदिक्कत बार्बेक्यू म्हणतो. ते आजोबांना सांगायचं मी टाळलं.

तंगड्यांची जबाबदारी माझ्याकडे होती आणि मी ती नीट बिघडवली. घाई म्हणून बाटलीतला गोड सॉस आधीच फासला. चरबी निखाऱ्यांवर ठिबकली, भडका उडाला, सॉसमधली साखर करपली. दहा मिनिटांत तंगडी बाहेरून कोळसा आणि हाडाजवळ अजून लाल. शेवटी आजोबा कुंपणाला वळसा घालून आले. चिमट्याने सगळे निखारे एका बाजूला लोटले, तंगड्या दुसऱ्या बाजूला ठेवल्या, वर झाकण लावलं. "आता उघडायचं नाही," एवढं बोलून लेमोनेड घेऊन सावलीत बसले. अर्ध्या तासाने थर्मामीटर खुपसला. १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस. कोंबडी तेवढी तापली की निर्धास्त खावी.

त्या अर्ध्या तासात माझी शिकवणी झाली. थेट निखाऱ्यावर जाळी २३० ते २६० सेल्सिअसपर्यंत तापते. तिथे कणीस, मासा, पातळ काप अशा लवकर शिजणाऱ्या गोष्टी टाकायच्या. त्या बाहेरून खरपूस होतात आणि आतून कोरड्या पडायच्या आत उतरतात. बार्बेक्यूची हवा साधारण ११० ते १३० सेल्सिअस. त्याला लागतं चिवट मांस, खांद्याचं वगैरे, ज्यात कोलॅजन, म्हणजे मांसाला घट्ट बांधून ठेवणारं प्रथिन, भरपूर. हे कोलॅजन घाईने विरघळत नाही. तासन्‌तास मंद आच मिळाली तरच त्याचं जिलेटिन होतं आणि मांस बोटाने सुटतं. तोच तुकडा भडक आचेवर टाकला तर चप्पल. "म्हणजे झाकण लावून केलेल्या या तंगड्या आता बार्बेक्यू झाल्या?" मी आशेने विचारलं. नाही झाल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही खरा बार्बेक्यू खायला एडनला निघालो. कॅरीहून पूर्वेकडे दोनेक तास, विल्सनच्या पुढे सपाट माळ आणि तंबाखूची शेतं. एडनमध्ये १९४७ पासून स्कायलाइट इन नावाची खानावळ आहे. बुटक्या विटांच्या इमारतीवर वॉशिंग्टनच्या संसदेसारखा चक्क घुमट बसवलाय. लाकडावर शिजलं नसेल तर ते बार्बेक्यूच नव्हे, हे मालकांच्या घराण्याचं ब्रीद. आत पाय ठेवायच्या आधीच ओकच्या धुराचा वास कपड्यांत शिरला.

लाकूड थेट मांसाखाली पेटवत नाहीत, ही गोष्ट मला नवी होती. ओंडके वेगळे जाळायचे, त्यांचे निखारे झाले की ते फावड्याने भट्टीत सारायचे. अख्खं डुक्कर त्यांच्यावर रात्रभर. सकाळी गल्ल्यामागच्या लाकडी ठोकळ्यावर एक माणूस दोन्ही हातांत सुरे घेऊन ते बारीक करतो. खट-खट-खट, एका लयीत. मांसाबरोबर कुरकुरीत कातडीही त्यात मिसळते. मग मीठ, मिरी, व्हिनेगर आणि तिखट सॉस. या सॉसचं नाव टेक्सास पीट, पण तो बनतो याच राज्यातल्या विन्स्टन-सेलममध्ये.

कागदी ट्रेमध्ये मांस, त्यावर मक्याच्या पिठाची चपटी, घट्ट वडी, तिच्यावर कोबीची कोशिंबीर. पहिल्या घासाला व्हिनेगर नाकात गेला. मग धूर आला, आणि मध्येच दाताखाली कातडीचा तुकडा कुर्र वाजला. मी याआधी डुक्कर खाल्लं होतं ते फक्त गोव्यात, सोरपोतेलमध्ये. तिथे मसाला पुढे आणि मांस मागे. इथे उलटं. ताई पोर्क खात नाही. तिने मक्याची वडी उचलली आणि तेवढ्यात भाऊजींनी सांगितलं की तीही चरबीतच भाजतात. ती कोबीवर राहिली आणि परतीच्या वाटेवर भाऊजींशी बोलली नाही.

एडनची ही पद्धत अवघ्या राज्याला मान्य आहे असंही नाही. पश्चिमेकडे लेक्सिंग्टनला अख्खं डुक्कर नाही, फक्त खांदा भाजतात आणि व्हिनेगरमध्ये केचप घालतात. १९८४ पासून दर ऑक्टोबरात तिथे बार्बेक्यूचा उत्सव भरतो. पूर्वेकडच्या माणसासमोर केचपचं नाव काढू नये म्हणतात. मी काढलं नाही.

संध्याकाळी आजोबा कुंपणापाशी होते. पोट भरलेलं होतं, अंगात धुराचा वास होता, म्हणून मी आमच्याकडच्या पोपटीचा विषय काढला. अलिबागकडे थंडीत मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरतात. मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. आग मांसाला शिवतसुद्धा नाही, पाणीही घालायचं नाही. आजोबा मन लावून ऐकत होते. पाल्याबद्दल दोनदा विचारलं.

"आणि वेळ किती लागतो?"

"अर्धा-पाऊण तास."

त्यांनी मान हलवली. "चांगलंच लागत असणार," ते म्हणाले, "पण बार्बेक्यू नव्हे."