क्रिस्टबाम

जर्मनच्या वर्गात ‘वायनाख्ट्सबाउम’, म्हणजे नाताळचं झाड, हा शब्द मी घोकून पाठ केला होता. म्युनिकमधल्या पहिल्याच डिसेंबरात तळमजल्यावरच्या आजींसमोर तो ऐटीत वापरला. आजी म्हणाल्या, “हां, दा क्रिस्टबाम!” बाम? मला आपली डोकेदुखीवरची डबी आठवली.

‘बाउम’ म्हणजे झाड. इथल्या बव्हेरियन बोलीत त्यातला ‘आउ’ विरघळतो आणि लांबलचक ‘आ’ उरतो. स्वप्नालाही ही मंडळी ‘ट्राउम’ न म्हणता ‘ट्राम’ म्हणतात. शिवाय उत्तर जर्मनीत हे झाड ‘वायनाख्ट’चं, म्हणजे नाताळच्या ‘पवित्र रात्रीं’चं, तर इथे दक्षिणेत आणि ऑस्ट्रियात ‘क्रिस्ट’चं, म्हणजे थेट ख्रिस्ताचं. पण 1605 साली स्ट्रासबुर्गच्या दिवाणखान्यांमधली झाडं पाहून एकाने लिहून ठेवलं, तेव्हा त्याने त्यांना नुसतं ‘डानेनबॉइम’ म्हटलं, म्हणजे सूचिपर्णी झाडं. त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब होते, सफरचंदं होती, साखर होती. मेणबत्त्यांचा उल्लेख नाही. सण मोठा होत गेला तशी नावं चिकटली असणार.

हाच ‘बाउम’ जुन्या इंग्रजीत ‘बीम’ होता आणि त्याचा अर्थ झाडच होता. पुढे झाड गेलं, तुळई राहिली. आपल्याकडे स्लॅब पडायच्या आधी मिस्त्री ज्या बीमच्या सळ्या बांधत बसतो, तो आजींच्या बामचा सख्खा चुलतभाऊ!

आपण मराठीत ‘नाताळ’ पोर्तुगीजांकडून घेतला, झाड मात्र ‘ख्रिसमस ट्री’च राहिलं. तरी ‘ट्री’ अगदीच परका नाही. संस्कृतात ‘दारु’ म्हणजे लाकूड, देवदारातलं. ट्री त्याच्याच गोत्रातला. आपली बाटलीतली दारू वेगळी, ती फारसीतून आली.

बाटलीवरून आठवलं. इथे नाताळानंतर लोक एकमेकांकडे झाडाची तारीफ करायला जातात आणि तारीफ करणाऱ्याला श्नॅप्सचा, म्हणजे कडक दारूचा, छोटा पेला मिळतो. झाड वाकडं असलं तरी तारीफ करायचीच. आजींचं बऱ्यापैकी वाकडं होतं, शेंड्यावरचा तारा पडद्याला टेकलेला.

“फार सुंदर वायनाख्ट्सबाउम,” मी म्हटलं.

आजी बाटली हातात धरून नुसत्या बघत राहिल्या.

“क्रिस्टबाम,” मी दुरुस्त केलं.

बूच उघडलं.