सरांचं १९१४

गोदाकाठची थंडी हाडांत शिरायला लागली की आमच्या शाळेत गॅदरिंगचे वारे वाहायचे. स्नेहसंमेलन हा शब्द फक्त पत्रिकेवर. लेझीम, नाच, नाटुकली, शेवटी वडा आणि पेढा. मधेच एक काटा, तो म्हणजे अहवालवाचन.

इतिहासाचे सर अहवाल घेऊन उभे राहिले की चालू वर्षाच्या निकालाआधी १९१४ ला जाऊन यायचेच. त्या साली निघालेली मराठा विद्या प्रसारक समाज ही शिक्षणसंस्था, तिच्या संस्थापकांतले रावसाहेब थोरात, उदोजी मराठा बोर्डिंग. "खेड्यातलं पोर नाशकात आलं, तर राहील कुठं, खाईल काय? म्हणून बोर्डिंग! आधी भाकरी, मग पाटी!" मग १९२० साली शाहू महाराजांनी येऊन बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला कशी बसवली, ते. तोवर नाचातल्या मुलींच्या गालावरची लाली ओघळलेली असायची.

नववीत असताना शेलापागोट्यांच्या डब्यात एक चिठ्ठी निघाली. "घड्याळात वाजले नऊ, सर म्हणतात १९१४ ला जाऊ!" मंडप हसून लोळला. सरही हसले, चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली.

पुढच्या वर्षी सर १९१४ ला गेलेच नाहीत. थेट शरणपूरला गेले. आपण सिटी बसने ज्या शरणपूर रोडवरून जातो, तिथंच दीडशे वर्षांपूर्वी मिशनची वसाहत होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं शिकत. अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम. त्यातलाच एक जेकब वेनराइट. तो आफ्रिका धुंडाळणारे ब्रिटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शोधयात्रेत सामील झाला. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा तिथल्या झाडावर त्यांचं नाव जेकबने कोरलं. मग सोबत्यांनी दीड हजार किलोमीटरहून जास्त चालत त्यांचा देह किनाऱ्यावर आणला. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तिथं जेकब हजर होता.

"झाडावर नाव कोरायला आधी लिहिता यावं लागतं," सर म्हणाले, "आणि ते तो आपल्या नाशकात शिकला होता."

लेझीमवाली पोरं हातातली लेझीम घट्ट धरून बसली होती, खुळखुळ होऊ नये म्हणून. दहा मिनिटांचा अहवाल अर्धा तास चालला आणि एकाही पालकाने घड्याळ पाहिलं नाही. वडे मात्र पार गार झाले. गारढोण वड्यावर गोड चटणी म्हणजे काय, ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही.

शाळेचं नाव मुद्दामच सांगत नाही. चिठ्ठीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. गेल्या डिसेंबरात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सर पहिल्या रांगेत, मफलर गुंडाळून बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी खांद्याला धरून उभं केलं, जवळ ओढलं आणि कानात म्हणाले, "लेका, अख्ख्या वर्गात ९ उलटा काढणारा तू एकटाच होतास."