बर्फ नको

सायगावात दुपारी दोनच्या सुमाराला मी मान वळवून पंखा कुठे आहे ते शोधत होतो, तेवढ्यात माझ्या ग्लासात बर्फ पडला. मुठीएवढा खडा. वाढणारी मुलगी चिमटा घेऊन आली काय, खडा सोडला काय आणि पुढच्या टेबलाकडे गेली काय! ग्लासात अर्धी बियर होती. ती खड्याच्या कडेकडेनं वर चढली, फेस काठाशी येऊन थबकला. मी "नको, नको" म्हणालो. मराठीत, आणि पंगतीत आग्रहाचा लाडू अडवावा तसा हात आडवा धरून. उपयोग दोन्हीकडे सारखाच होतो.

कागदोपत्री या शहराचं नाव हो ची मिन्ह सिटी आहे, पण तिथली माणसं बोलताना सायगावच म्हणतात. मलाही तेच बरं वाटतं. एसटीनं जाता येईल असं वाटणारं नाव आहे.

शेजारी बायको उसाचा रस पीत होती. व्हिएतनाममध्ये रस पदोपदी मिळतो. चरकात उसाबरोबर एखाददुसरं लिंबाएवढं आंबट संत्रंही पिळतात. तिच्या ग्लासात तर रसापेक्षा बर्फच जास्त होता. तो स्ट्रॉनं ढवळत ती म्हणाली, "बाबा असते तर..." पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. आमच्या घरात ते पुरं करावं लागत नाही.

बाबा रसवंतीच्या पायरीवरूनच सांगायचे, "बिगरबर्फाचा!" चरकाच्या घुंगरांत ते ऐकू जायचं नाही, म्हणून पुन्हा एकदा, वरच्या पट्टीत. त्यांची कारणं दोन. एक, बर्फ कुठल्या पाण्याचा करतात ते आपल्याला माहीत नाही. मासळीवर घालतात त्याच लादीचा असतो, हे ते आईला हळूच सांगायचे, आम्हाला ऐकू जाईल इतकं हळू. दोन, आणि हे खरं कारण, बर्फानं ग्लास भरतो. पाण्याचे पैसे रसाच्या भावानं का म्हणून द्यायचे? आईचंही एक कारण होतं, घसा धरतो, पण ते तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी आणि ताई समोरच्या बाकावरच्या मुलांकडे बघत बसायचो. त्यांच्या ग्लासांना बाहेरून घाम फुटलेला असायचा. रस संपला की ती मुलं ग्लास उपडा करून, बुडावर थाप मारून तळाचा खडा तोंडात घ्यायची. या गालातून त्या गालात. मग डोळे बारीक करायची. आमचा रस कोमट आणि काठोकाठ. कोमट रसालाच उसाची खरी चव असते, असं बाबा म्हणायचे. ते बरोबर होतं हे मला चाळिशीनंतर कळलं. पण दहाव्या वर्षी खरी चव कुणाला हवी असते?

सवय मात्र चिकटली ती चिकटलीच. सरबतात बर्फ नको, कोकमात बर्फ नको. व्हिस्कीतही नको म्हणतो, आणि बरोबरच्या मंडळींना उगाच वाटतं की मी दर्दी आहे. बियरच्या बाबतीत हा प्रश्न कधी आलाच नव्हता. बियरमध्ये बर्फ म्हणजे धर्मच बुडाला.

हनोईत सगळं नीट चाललं होतं. आठ दिवसांपूर्वी तिथूनच सुरुवात केली होती. पहिल्याच संध्याकाळी मी एक पाटी मोठ्यानं वाचली, "बिया होय." बायको म्हणाली, "कशाच्या बिया?"

बिया म्हणजे बियर, फ्रेंच शब्द व्हिएतनामी तोंडात गेल्यावर असा झालाय. आणि होय म्हणजे वाफ, हवा. ही पिंपातली ताजी बियर. पाश्चरीकरण केलेली नसते, त्यामुळे टिकत नाही. दुधाच्या रतिबासारखी पिंपं दुकानात येऊन पडतात, त्याच दिवशी रिकामी करायची. मद्यार्क तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सोवळ्यात नाही तरी निदान ओवळ्यातही नाही. ग्लास जाड, हिरवट, जुन्या काचा वितळवून केलेले. दोन ग्लास एका उंचीचे सापडले तर शपथ. काचेतच बुडबुडे अडकलेले असतात, त्यामुळे बियर संपली तरी ग्लास पुरता रिकामा वाटत नाही.

आम्ही ता हिएन नावाच्या गल्लीत बसायचो. 'बसायचो' हा शब्द जरा सैल झाला. बालवाडीत असतात तेवढी प्लास्टिकची स्टुलं, फुटपाथवर आणि फुटपाथ संपल्यावर रस्त्यावर. गुडघे कानाशी येतात. समोर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. शेंगा बघितल्या आणि बायकोचा त्या देशावर एकदम विश्वास बसला.

एकदा तिथं गंमत झाली. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी काहीतरी बोललं आणि दुकानाच्या मालकीणबाई उठून आमच्या खालची स्टुलं ओढायला लागल्या. खालची म्हणजे अक्षरशः खालची. पोलिसांची गाडी येत होती, आणि रस्त्यात टेबलं मांडायला परवानगी नसते. अर्ध्या मिनिटात सगळं आत गेलं. माझ्या हातात ग्लास, बायकोच्या हातात शेंगांची बशी, आणि स्वागत समारंभात ताटली घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यांसारखी आम्ही पन्नासेक माणसं. गाडी गेली. स्टुलं परत आली. बाई गल्ल्यावर बसल्या. कुणी हसलंसुद्धा नाही, म्हणजे हे रोजचंच असणार.

त्या बियरमध्ये बर्फ नव्हता. पिंपातून येतानाच ती गार असते. माझं आणि हनोईचं छान जमलं.

तिथून रेल्वेनं दक्षिणेला उतरत गेलो तशी बियरची नावं बदलत गेली. हुए शहरात हुडा. 'हु' हुएचा आणि 'डा' डेन्मार्कचा, कारण १९९० साली तिथला कारखाना डॅनिश मदतीनं उभा राहिला. दानांगला लारू, तिच्या लेबलावर वाघ. वाघ बघून मी ती दोनदा मागवली. बाकी खरं सांगायचं तर या बाटलीबंद बियरा एकाच घरातल्या चुलत बहिणी आहेत, फिक्या, हलक्या, तहान भागवणाऱ्या. जवाबरोबर तांदूळही घातलेला असतो. डोळे मिटून ओळखीन म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. व्हिएतनामला निघालेल्या कुणी विचारलं तर मी सांगेन, हनोईत बिया होय पी आणि पुढे ज्या गावात जाशील त्या गावची पी. याहून जास्त अक्कल लावायची गरज नाही.

पण दानांग सोडल्यावर उकाडाही बदलला. सायगावचा उकाडा अंगावर ओला टॉवेल टाकल्यासारखा असतो. आणि तिथं बियरचे क्रेट फ्रिजमध्ये नाही, भिंतीशी रचलेले दिसले. बियर येते ती खोलीच्या अंगानं कोमट. थंडपणा वेगळा येतो, बादलीतून, चिमट्यानं.

हे दारिद्र्यातून आलं असेल असं मला वाटलं होतं. पण गोष्ट उलटीच निघाली. लागर जातीची बियर थंडाव्यातच मुरते. या हवेत ती करायची तर आधी थंडावा तयार करायला हवा. व्हिक्तोर लारू नावाच्या फ्रेंच माणसानं १८७५ साली सायगावात छोटा बियर कारखाना काढला, तोच हा लेबलावरचा लारू. पुढे जी मोठी फ्रेंच कंपनी झाली तिचं नावच होतं 'इंडोचायनाचे बियर आणि बर्फ कारखाने'. आणि बर्फ! दोघं भावंडं, एकाच छपराखालची. मी त्यांची ताटातूट करणारा कोण?

शेजारच्या टेबलावर सहा पुरुष होते. दर पाच मिनिटांनी ग्लास एकमेकांवर आपटून ते ओरडत, "मोत, हाय, बा, यो!" एक, दोन, तीन, चल. मला पहिल्यांदा ऐकताना कुणीतरी गेल्यासारखंच वाटलं. त्यातला एक निघाला तेव्हा मोटारसायकल तिथंच सोडून भाड्याच्या गाडीनं गेला. २०२० पासून तिथं चालकाच्या श्वासात मद्याचा अंशही चालत नाही, सायकलवाल्याच्यासुद्धा.

माझ्या हातातली बियर होती ३३३. फ्रेंचांच्या काळात ती नुसती ३३ होती, ३३ सेंटिलिटरची बाटली म्हणून. १९७५ नंतर कारखाना सरकारचा झाला आणि पुढे आणखी एक तीन लागला. मागवताना म्हणायचं, "बा बा बा." दक्षिणेकडच्या बोलीत 'बा' म्हणजे तीन, आणि 'बा' म्हणजे बापसुद्धा. हे मला हॉटेलातल्या पोरानं सांगितलं, तेव्हा तो सहज बोलून गेला. मी मात्र त्यानंतर दरवेळी जरा दबकून मागवू लागलो. कॉलेजात असताना जी गोष्ट बापाच्या चोरून प्यालो, ती पन्नाशी उलटल्यावर बापाला तीनदा हाक मारून मागवायची.

आणि हाक मारल्यावर ते आलेच. मुलीनं दुसरा खडा टाकला तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्याशी वाद घालत होतो. बाबा, तुमचा दुसरा मुद्दा इथं लागू नाही. डबा बंद येतो, ३३० मिलिलिटर मोजून. बर्फ त्यातलं काही खात नाही, तो वरून येतो. पहिल्या मुद्द्याचंही उत्तर आहे. मधे भोक असलेला, नळकांडीसारखा बर्फ असेल तर तो कारखान्यातल्या यंत्रातून आलेला, खुशाल घ्यावा, असं प्रवासी एकमेकांना सांगतात. मी ग्लास उजेडात धरला. माझ्या खड्याला भोक नव्हतं.

शेवटच्या महिन्यात बाबांना पाणी मोजून द्यायचं होतं. दिवसाचं ठरलेलं, त्याहून घोटभर जास्त नाही. घसा फार सुकला तर बर्फाचा तुकडा चघळायला द्या, असं नर्स म्हणाल्या. मी वाटीत घेऊन बसायचो. पहिल्या दिवशी त्यांनी मान फिरवली. तिसऱ्या दिवसापासून स्वतःच म्हणायचे, "बर्फ आण रे जरा." मग या गालातून त्या गालात. ताई एकदा म्हणाली, "बाबा, कुठल्या पाण्याचा आहे विचारलं नाहीत?" ते हसले होते. तोंडात बर्फ असल्यामुळे आवाज आला नाही.

तर ३३३. बर्फ विरघळत गेला तशी ती पाणचट होत गेली आणि मला आवडत गेली. घोटागणिक वेगळी लागते. आधी बोचरी, मग बरी, मग नुसतीच गार. तिसऱ्या डब्यापर्यंत मी ग्लासावर हात धरायचं सोडून दिलं होतं.

बिल मागितलं. तिथं रिकामे डबे उचलत नाहीत, टेबलाखाली साठवतात आणि शेवटी मोजतात, त्यामुळे खोटं बोलायला जागा नसते. चिठ्ठी व्हिएतनामीत होती. बायकोनं तिच्यावर मोबाइल धरला. भाषांतर उमटलं, बियर तीन, उसाचा रस दोन, शेंगा एक.

"आणि हे काय?" ती म्हणाली. "दगड?"

त्या भाषेत दगडाला आणि बर्फाला शब्द एकच आहे, दा. आपणही गारा वेचतो आणि गारगोटीही, तेव्हा हसण्यासारखं त्यात काही नाही. ती तरी हसली, मग आकडा बघितला. "दहा हजार डोंग. म्हणजे पाण्याचे पैसे वेगळे घेतात की रे!"

मी मुकाट्यानं दिले. ग्लासाच्या तळाशी एक खडा उरला होता, तो बुडावर थाप मारून तोंडात घेतला.

रात्री घसा धरला, तो घरी येईपर्यंत.