जैवविविधता नोंदवही बघायची आहे? माझा अनुभव

गावात पर्यावरणाचं काहीतरी काम करायचंय म्हटलं की लोक दोनच गोष्टी सुचवतात. झाडं लावा, नाहीतर प्लास्टिक गोळा करा. दोन्ही करावं, माझं काही म्हणणं नाही. पण तिसरं एक काम कायद्यानेच प्रत्येक ग्रामपंचायतीच्या गळ्यात घातलंय आणि ते कागदोपत्री बहुतेक ठिकाणी 'पूर्ण' आहे. ते कुठे आहे, एवढंच बघायला गेलं की काय होतं ते सांगते.

जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि त्या समितीने गावकऱ्यांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही लिहायची. झाडं, पाखरं, मासे, भाताची जुनी बियाणी, कुठल्या मुळीचं औषध कशावर चालतं, पूर्वी काय होतं आणि आता काय उरलं, हे सगळं त्यात यायला हवं. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा आग्रह वर्षानुवर्षं धरला. त्यांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पालथ्या घातल्या होत्या, त्यामुळे जंगलाबद्दल गावातल्या म्हाताऱ्या माणसांना काय ठाऊक असतं याची त्यांना पुरती कल्पना होती.

आमचं गाव सिंधुदुर्गातलं. देवाची राई आहे. सातवीण, किंदळ, काजरा, सुरंगी, भेरली माड, आणि मांडीएवढा जाड गारंबीचा वेल. राईच्या वरच्या अंगाला खाजगी डोंगर आहे, तिथे काजूच्या लागवडीसाठी जेसीबी चढला आणि मी अस्वस्थ झाले. मुंबईतली नोकरी संपवून नुकतीच गावी राहायला आले होते, हातात वेळ होता. राईबद्दल सरकारदरबारी काय लिहिलेलं आहे, हे शोधताना एका प्राध्यापकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या गावाची नोंदवही बघा आधी. ती सार्वजनिक असते."

सार्वजनिक म्हणे!

ग्रामपंचायतीत गेले. भाऊसाहेब (ग्रामसेवक म्हणायचं नाही आता, ग्रामपंचायत अधिकारी) बाहेरगावचे, वागायला चांगले, त्यांच्याकडे दोन गावांचा कारभार. म्हणाले, "नोंदवही आहे ना ताई, कपाटात आहे." मी म्हटलं, दाखवा. तर कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई पाणीपट्टी वसुलीला. पुढच्या खेपेला शिपाई होता, पण भाऊसाहेब पंचायत समितीत मीटिंगला, आणि त्यांच्या परवानगीशिवाय कपाट उघडायचं नाही. त्याच्या पुढच्या खेपेला किल्ली, शिपाई आणि भाऊसाहेब असा तिन्हींचा योग जुळून आला. कपाट उघडलं. आत घरपट्टीच्या पावत्या, जन्ममृत्यूच्या वह्या, जुन्या मतदारयाद्या, एक बंद पडलेला प्रिंटर. नोंदवही नाही.

मग कळलं की ती 'चार्जमध्ये आलीच नसणार'. आधीचे भाऊसाहेब बदलून गेले तेव्हा दप्तर हस्तांतराची यादी झाली होती, त्यात नोंदवहीचं नाव नव्हतं. आधीच्या भाऊसाहेबांना फोन केला. ते म्हणाले, मी तिथेच ठेवली होती. सरपंचांना विचारलं. ते नवे, म्हणाले, वहिनी, आमच्या काळातलं नाही ते. माजी सरपंच म्हणाले, सही केल्याचं आठवतं, पण कशावर ते आठवत नाही. तालुक्याच्या कार्यालयात गेले तर तिथल्या टेबलावर उत्तर मिळालं की तुमच्या गावाचं काम शंभर टक्के पूर्ण आहे, तक्त्यात दिसतंय. तक्ता मला दाखवलासुद्धा. गावाच्या नावापुढे 'होय' लिहिलेलं होतं. ते 'होय' बघून मला जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही. जी वस्तू कुणाला दाखवता येत नाही, ती झाली असं छातीठोकपणे लिहिणाऱ्याला कधी कुणी विचारतच नसेल का?

इथे एक सांगून ठेवते, नाहीतर विसरेन. तोंडी विचारपूस एकदा करा, माणसं ओळखीची होतात. त्यानंतर साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. 'राहू दे हो ताई, आपलंच ऑफिस आहे' असं म्हणतील. म्हणू द्या. पोच घ्याच.

साध्या अर्जाला उत्तर आलं नाही. म्हणून माहिती अधिकार. जोडपत्र 'अ'मध्ये अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत असा नियम आहे, तेव्हा राईची कहाणी, जेसीबी, आपली तळमळ हे सगळं बाहेर ठेवायचं. मी एवढंच मागितलं: समिती स्थापनेच्या ठरावाची प्रत, सदस्यांची यादी, आणि नोंदवहीची प्रत किंवा प्रत्यक्ष पाहणी. 'पाहणी' हा शब्द जरूर घाला. आणि शेवटी एक ओळ: माहिती आपल्याकडे नसल्यास कलम ६(३) प्रमाणे संबंधित कार्यालयाकडे अर्ज वर्ग करावा. असा अर्ज पाच दिवसांत वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक असतं.

तीस दिवसांची मुदत असते. उत्तर मुदत संपता संपता आलं, एका ओळीचं: 'सदर अभिलेख शोध घेतला असता आढळून येत नाही.' ठराव आणि यादी मात्र जोडलेली होती, आणि त्या यादीने माझी झोप उडवली. अध्यक्ष धरून सात नावं. त्यातले एक माझे चुलत सासरे. समिती स्थापन झाली त्याच्या आधीच त्यांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं. शेजारच्या काकी 'महिला सदस्य'. काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माका कोणी सांगूकच नाय गो!"

यादी घेऊन भांडायला जायचा मोह आवरला. घरचे म्हणत होते पेपरात द्या. पण नवे भाऊसाहेब त्या वेळी इथे नव्हतेच, आणि मला वही हवी होती. पहिलं अपील केलं, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यात दोनच मुद्दे लिहिले. एक, अभिलेख सापडत नसेल तर तो हरवल्याची जबाबदारी कोणाची हे लेखी कळवा, कारण महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ प्रमाणे सरकारी अभिलेख सांभाळणं ही कार्यालयाची जबाबदारी आहे. दोन, अर्ज वर्ग का केला नाही?

सुनावणीच्या दिवशी अपिलीय अधिकाऱ्यांनी सार्वजनिक अभिलेख हे शब्द वाचले, भाऊसाहेबांकडे बघितलं आणि कुणाला तरी फोन लावला. मग आम्ही चहा प्यायलो. चहा संपेपर्यंत नोंदवहीची प्रत वरच्या कार्यालयात असल्याचं 'निष्पन्न' झालं. तिथल्या माळ्यावरच्या गठ्ठ्यात तालुक्यातल्या सगळ्याच गावांच्या वह्या होत्या! इतके महिने मी जो जिना चढून 'होय' बघायला जात होते, त्याच जिन्याच्या वरच्या अंगाला. दोन रुपये पान या दराने झेरॉक्स मिळाली. पैसे भरल्याची पावती अजून माझ्या पाकिटात आहे, का कोण जाणे.

प्रत घरी आणली, ओटीवर बसून वाचली. छान टाइप केलेली, पहिल्या पानावर मोराचा रंगीत फोटो (झेरॉक्समध्ये कावळा वाटतो). आमच्या गावच्या पक्ष्यांत सारस होता. सारस! तो गोंदियाच्या बाजूला भातशेतीत राहतो, इथे कोकणच्या उतरणीवर काय करणार? काकींच्या सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "हो पक्षी माज्या बापाशीन पण बघूक नाय." उलट राईत दरवर्षी ढोलीत बसणारा धनेश नव्हता. गारंबी नव्हती, सुरंगी नव्हती. भाताच्या जातींत सगळी संकरित बियाणी, वालय भाताचं नाव नाही. 'देवराई' या रकान्यात 'निरंक'.

हे असं का झालं ते नंतर समजलं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सगळ्या राज्यांना ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करायला सांगितलं होतं, नाहीतर १ फेब्रुवारीपासून राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरपाई. हेतू चांगलाच होता. पण तारीख डोक्यावर आली की सरकारी काम कसं होतं ते आपण जाणतोच. गावोगावचं काम बाहेरच्या संस्थांकडे गेलं आणि एका गावाची वही दुसऱ्या गावाला डकवली गेली. तुमच्या गावाची काढून बघा, सारस नसेल तर वाघ असेल.

यापुढचं सगळं इतकं सुरळीत झालं की सांगण्यासारखं फार नाही. ग्रामसभेत समिती नव्याने नेमायचा ठराव झाला. फक्त एक पथ्य पाळा: विषय अजेंड्यावर यायला हवा, त्यासाठी सभेच्या बरंच आधी पत्र द्या. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा शंभर, यातला कमी आकडा लागतो. तो भरला नाही तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण तिच्यात नवा विषय घेता येत नाही. म्हणजे तुमचा विषय पहिल्या अजेंड्यावर नसेल तर पुढच्या सभेपर्यंत बसा. समितीत एक तृतीयांश महिला लागतात. आम्ही त्याहून जास्त घेतल्या, कारण रानभाज्या त्यांनाच ठाऊक.

आता नोंदवही नव्याने लिहितोय. शाळेतली मुलं प्रपत्रं भरतात, म्हाताऱ्या सांगतात. फागलां (करटुली) कुठे येतात, रोवणी अळंबी कुठल्या वारुळापाशी, काय पहिल्या पावसात खायचं आणि काय मुळीच खायचं नाही. पुरुषमंडळी चढणीच्या माशांवर आली की बैठक लांबते, आणि पूर्वी मासे किती होते यावरून दरवेळी भांडण होतं. चढणीचे मासे पावसाळ्याच्या तोंडालाच दिसतात, त्यामुळे तो तक्ता जूनपर्यंत तसाच राहणार. घाई करणार नाही. घाईचं फळ आम्ही झेरॉक्स करून आणलंय.

सगळंच लिहायचं नसतं, हेही ध्यानात ठेवा. आमच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यात नरक्या या झाडाची चोरटी तोड होते, कर्करोगावरच्या औषधासाठी त्याला बाहेर भाव आहे. खवले मांजराचीही तीच गत. अशा गोष्टींची नोंद करतो, पण नेमकी जागा लिहीत नाही. माहिती गोपनीय ठेवायची असेल तर समितीने तसं ठरवून नमूद करावं. आणि औषधी मुळ्यांबद्दल सांगणाऱ्या माणसाला आधी विचारावं, त्याचं नाव घालू का म्हणून. एका आजोबांनी नाव घालायला सांगितलं पण औषध सांगितलं नाही. तेही बरोबरच आहे, आम्ही तसंच लिहिलं.

जेसीबीचं काय झालं, असं बरेच जण विचारतात. नोंदवहीने जेसीबी थांबत नाही. डोंगर खाजगी आहे, काजू लागला. पण समितीला हद्दीतून व्यापारासाठी जैविक संसाधनं नेणाऱ्यांवर शुल्क बसवता येतं, हे समजल्यापासून सुरंगीच्या कळ्या घेणारा व्यापारी ग्रामपंचायतीत जरा दबून बोलतो. आणि कलम ३७ प्रमाणे राज्य सरकार एखादी जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर करू शकतं. आमच्याच जिल्ह्यात दोडामार्गातल्या बांबर्डेची रानजायफळाची दलदल आणि आंबोलीची हिरण्यकेशी अशी जाहीर झाली आहेत, त्यामुळे आमच्या मानकऱ्यांनाही राईला तसा फलक लागावा असं वाटू लागलंय. त्याला राईची हद्द पक्की हवी, आणि हद्दीवरून गुरव व मानकरी यांच्यात दोन पिढ्यांचा वाद आहे. तो विषय पुढच्या ग्रामसभेत घ्यायचाय. पत्र देऊन झालंय, पोच घेतली आहे.