घारापुरी राहिली, भायखळा घडलं

जुलैतला गुरुवार होता. साताऱ्याचं एक कुटुंब गेटवेला माझी वाट बघत थांबलं होतं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्या आजी. बेत घारापुरीचा, पण समुद्र खवळलेला, बावटा लागलेला, लाँच बंद. मुंबईत गाईडचं काम करणाऱ्याला पावसाळ्यात याची सवय असते. पाहुण्यांचं तसं नसतं. ते रजा टाकून, पोरांना तयार करून आलेले असतात. धाकट्या नातीने तर भोकाडच पसरलं, कारण तिला बोटीत बसायचं होतं.

"आता मॉल तरी दाखवा," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, "दादा, घारापुरीला जाता येत नाही, तर घारापुरीच्या हत्तीला भेटून येऊ." हत्ती म्हटल्यावर नात गप्प झाली.

दोन टॅक्स्या करून आम्ही भायखळ्याला राणीच्या बागेपाशी उतरलो. तिथल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेरच्या बागेत तो दगडी हत्ती उभा आहे. पूर्वी तो घारापुरी बेटावर होता. पोर्तुगिजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. 1814 मध्ये त्याचं डोकं आणि मान गळून पडली. 1864 मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणले गेले आणि 1914 मध्ये पुन्हा जोडले. पावसाने दगड काळाभोर झाला होता. नातीने हात लावायला घेतला, तिला मागे ओढलं आणि सांधे लांबूनच दाखवले. जवळच तो घोडा आहे, ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या भागाला काळा घोडा हे नाव पडलं. इंग्लंडच्या राजपुत्राला पाठीवर घेतलेला तो घोडा 1965 मध्ये फोर्टातून हलवला. आता काळ्या घोड्याला जो घोडा दिसतो, तो 2017 मधला, स्वाराविना.

संग्रहालय 1872 साली सुरू झालं. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं. आधी ते व्हिक्टोरिया राणी आणि तिच्या नवऱ्याच्या नावाने ओळखलं जायचं, 1975 मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. हे मी प्रत्येक पाहुण्याला थांबवून सांगते, कारण ही वास्तू इंग्रजांनी आपल्याला बक्षीस दिली असं पुष्कळांना वाटतं. ती उभी करायला नाना शंकरशेट आणि भाऊ दाजींनी जिवाचं रान केलं, शहरातल्या लोकांनी पैसे दिले. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, जुने शिलालेख वाचणारे पंडित आणि मुंबईचे शेरीफ, म्हणजे शहरातल्या मानाच्या पदावर बसलेले.

आत शिरल्यावर आजी लोखंडी खांब आणि सोनेरी नक्षीकडे बघत राहिल्या. मग वरच्या मजल्यावर, मुंबईतल्या जातीजमातींचे मातीचे छोटे पुतळे मांडलेत तिथे, त्या एकदम थांबल्या. काचेमागे बोटभर उंचीची माणसं, आणि त्यांच्या डोक्यावर तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या.

"ही बिनी चुकलीय," त्या म्हणाल्या.

मला आधी कळेना. बिनी म्हणजे पगडीचा कपाळावरचा भाग. त्यांचे वडील पगडबंद, म्हणजे पगड्या बांधणारे कारागीर होते. साताऱ्यात पेठेत दुकान, घरात अखंड काम. मग त्या एकेक डोकं ओळखू लागल्या. हे पागोटं, ते रोज डोक्यावरच गुंडाळायचं. ही पगडी, ती साच्यावर बांधून एकदाच तयार करायची. मग पगडीचे भाग: हा माथा, हा कोका, इथे कमळ. लहानपणी त्यांचं काम म्हणजे ओल्या कापडाचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसऱ्या टोकाला पीळ देणं. "पीळ सैल पडला ना पोरी, की पगडी महिन्यात बसते. बाबा माझे हात धरून पीळ तपासायचे."

शेवटी त्यांनी सुनेची ओढणी मागितली. एक टोक दातात धरलं, नातवाला समोर उभं केलं आणि पीळ देत ओढणी त्याच्या डोक्याभोवती फिरवायला लागल्या. प्रत्येक फेऱ्याला अंगठा आत दाबायचा, आधीच्या वळणाच्या खाली. थरथरणारे हात, पण वळण कुठेही चुकलं नाही. तिथे जमिनीवर बसून स्केच करणारी चार-पाच कॉलेजची मुलं होती. त्यांनी पानं उलटली आणि काचेकडे पाठ करून आजींचे हात काढायला सुरुवात केली. पहारेकरी, काचेपासून लांब राहा म्हणायला आलेला, तोही थांबला. एका मुलीने विचारलं, "आजी, पुन्हा एकदा सावकाश कराल?" त्यांनी केलं. मग तिच्या हातात ओढणी देऊन तिच्याकडून करून घेतलं, दोनदा सोडायला लावून.

संग्रहालयाच्या पाट्यांवर पोशाख कोणाचा हे वाचता येतं. हाताची रीत मात्र माहीत असलेल्या माणसाकडूनच कळते, आणि अशी माणसं मुंबईत फिरायला येतात तेव्हा आपण त्यांना समुद्र दाखवून परत पाठवतो, याचं मला फार वाईट वाटतं. मुलाच्या मोबाइलमधली बघायच्या ठिकाणांची यादी त्या दिवशी उघडलीच नाही. बंद व्हायच्या वेळेपर्यंत आम्ही तिथेच होतो आणि मुलगाच आईला प्रश्न विचारत होता. आजोबांच्या दुकानाबद्दल त्याला बरंच काही आजच कळत होतं.

तेव्हापासून फोनवर बुकिंग घेताना मी आधी विचारते, सोबत वयस्कर कोणी आहे का आणि त्यांनी हाताने काय काम केलंय. विणकर, कुंभार, शिंपी, सोनार कोणी असेल, तर भायखळा आधी आणि घारापुरी नंतर. सोमवारी घारापुरी बंद असते, बुधवारी संग्रहालय, तेवढे दोन वार सोडून तारीख ठरवायची.