तुम्ही विचारलंत म्हणून: पद्मिनी भंगारात का देत नाही?

लग्नात, ऑफिसात, पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, प्रश्न एकच. "ही जुनी पद्मिनी मोटार अजून ठेवलीय? सरकार सवलती देतंय, नव्या गाडीच्या करात सूट आहे, मग देऊन का टाकत नाही?" आजवर मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सगळं लिहून टाकतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

आधी एक गैरसमज दूर करतो. माझी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी बेकायदा नाही. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली म्हणून भंगारात काढा, असा नियम महाराष्ट्रात नाही. फेरनोंदणीचा फॉर्म २५ भरायचा, पर्यावरण कर भरायचा, विमा आणि पीयूसी जोडायची, गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, की पुढच्या पाच वर्षांचं पासिंग मिळतं. मी ते दर वेळी केलंय, एजंटाशिवाय. वयावरून सरसकट बंदीचा प्रकार दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यातला. तिथे डिझेलला दहा वर्षं आणि पेट्रोलला पंधरा, ही मर्यादा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून तिथल्या पंपांवर कॅमेरे लावून जुन्या गाड्यांना पेट्रोल नाकारायला सुरुवात झाली आणि आठवड्याच्या आत ते थांबवावं लागलं. थांबवल्याची बातमी कुणाच्या लक्षात नाही. बंदीची मात्र सगळ्यांच्या आहे, आणि तेव्हापासून पार्किंगमध्ये माझ्याकडे संशयानं बघितलं जातं.

मग माझी तक्रार काय? बंदी न घालताही गाडी संपवता येते, ही माझी तक्रार. मोटारीच्या फेरनोंदणीची फी मार्च २०२२ पर्यंत ६०० रुपये होती. एप्रिलपासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० झाली. दुसरीकडे याच केंद्र सरकारनं २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. ती रोज वापरायची नाही, रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला काढायची. चांगलं केलं, मनापासून सांगतो. पण पन्नास वर्षांची गाडी आभाळातून पडत नाही. ती आधी वीसची, तिसची, चाळिसाची व्हावी लागते, आणि त्या सगळ्या काळात कुणीतरी पदरमोड करून, टोमणे खाऊन ती सांभाळावी लागते. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत तिला कायद्यात स्वतःचं असं नावच नाही. माझी पद्मिनी २०३४ मध्ये पन्नाशीची होईल. तोवर ती नुसती जुनी.

आता मामांबद्दल लिहितो. ते लिहिल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

माझे थोरले मामा साताऱ्याला असतात. त्यांचीही पद्मिनीच होती, माझ्यापेक्षा चांगली ठेवलेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून हेडचं काम करून आणलेलं, पिस्टन नवे, गाडी अर्ध्या चोकवर सुरू व्हायची. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मामेबहिणीनं गाडीचा धसका घेतला. तिला नवी गाडीही घ्यायची होती. जुनी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. हिशोब चोख होता. मामा म्हणाले, "देऊ या. तू तेवढा बरोबर चल."

सकाळी त्यांनी गाडी धुतली. भंगारात जाणारी गाडी कशाला धुताय, असं मामीसुद्धा म्हणाल्या नाहीत. डॅशबोर्डवरचा खंडोबाचा फोटो मामांनी ब्लेडनं कडेकडेनं सोडवला आणि खिशात ठेवला. मग स्वतःच चालवत निघाले. हँडलच्या गिअरवर त्यांचा हात कसा चालायचा ते मी शेजारी बसून बघत होतो. खंबाटकीचा बोगदा पार झाल्यावर उतारावर त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली नाही, तिसऱ्यातच ठेवली. शेवटच्या दिवशीही ब्रेकवर भार नको होता त्यांना.

यार्डातला मुलगा म्हणाला, "आजोबा, चालू गाडी आणलीत?" त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या बहुतेक टो करून येत असाव्यात. त्यानं कागद तपासले, फोटो काढले, टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं, चेंबरचा नट सोडून ऑइल खाली घेतलं, बॅटरी उतरवली. काच खाली करायला त्यानं दाराचं हँडल धरलं तेव्हा मामा पुढे झाले. "बाळा, ते जरा मागे घेऊन मग फिरव. जोर लावलास तर दातरं जाईल." त्या पोरानं खरोखर तसं केलं. चांगला होता तो, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

मी सुपरवायझरकडे गेलो. पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचा आणि गिअरचं लिंकेज एवढं मला द्या, काय असतील ते पैसे घ्या, म्हणालो. एकदा सिस्टिममध्ये एंट्री झाली की आम्ही बाहेर पार्ट देत नाही, असं उत्तर आलं. आधी काढून का नाही आणले, असं तुम्ही विचाराल. गाडी पूर्ण असेल तरच ठरलेला भाव मिळणार होता, आणि भाव मामांना हवा होता, लेकीसाठी. मी विनवण्या केल्या, चढा भाव बोललो. नाही म्हणजे नाही.

मामा ऑफिसात सह्या करत होते. मी बाहेर थांबलो. साखळी लावून इंजिन वर काढलं आणि कडेच्या ढिगावर सोडलं. ब्लॉकचा एक कोपरा तुटून घरंगळत आला. मग क्रेनचा पंजा छतातून आत गेला. काचा फुटल्या, मला हव्या होत्या त्याही. काही मिनिटांत संपलं.

परतताना एसटीत मामांनी एकच विचारलं, "इंजिन कुणाच्या तरी उपयोगाला येईल ना रे?"

"येईल," मी म्हणालो.

तर, तुम्ही विचारता की देत का नाही. एक गाडी भंगारात गेली की तिच्यासारख्या आणखी दोन-चार गाड्यांचं आयुष्य कमी होतं, म्हणून देत नाही. मुंबईत पद्मिनी टॅक्स्या धावत होत्या तोवर आम्हाला सुट्या भागांची चिंता नव्हती. कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंगपिनपासून कार्बोरेटरपर्यंत सगळं सापडायचं. गाडी बनायचीही कुर्ल्यातच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. तेव्हापासून माल आटत चाललाय. अमेरिकेत २००९ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढायची अशीच योजना आली तेव्हा जमा झालेल्या गाड्यांच्या इंजिनात सोडियम सिलिकेट ओतून ती कायमची जाम करायचा नियम होता. पण पंचवीस वर्षांहून जुनी गाडी त्या योजनेत घेतलीच जात नव्हती. म्हणजे ज्या गाड्या लोकांनी जपून एवढ्या वयापर्यंत आणल्या, त्यांना हात लावायचा नाही, एवढी समज त्यात होती. आपल्याकडे उलट आहे. गाडी जितकी जास्त जपाल तितकी फी जास्त.

हे मी तावातावानं सांगतो, आणि मग पीयूसीचा कागद हातात येतो. माझ्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. बीएस-४ या नंतरच्या, कडक धूर-मानकाच्या गाडीला ०.३. दहापट. पास झाली म्हणजे स्वच्छ झाली, असा त्याचा अर्थ नाही. तिला धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, एअरबॅग नाही, आणि मुलांना मागे बसवून हायवेला मी ती नेत नाही. पूर्वी मी भांडायचो तेव्हा म्हणायचो, आधी ट्रक बघा, माझी गाडी रविवारी तासभर निघते, आणि नवी गाडी बनवायला किती पोलाद आणि वीज लागते ते मोजा. यातला शेवटचा मुद्दा मला आजही खरा वाटतो. पण ट्रक धूर सोडतो म्हणून माझा धूर कमी होत नाही, हेही तितकंच खरं. कधी तेव्हाचा मी बरोबर वाटतो, कधी आत्ताचा.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या ताईंच्या मुलाला दमा आहे. त्यांनीही एकदा हेच विचारलं, न चिडता. त्यांना मी फीचे आकडे सांगितले नाहीत, व्हिंटेजचे नियम सांगितले नाहीत. गाडी आता फाटकाबाहेर ढकलत नेऊन सुरू करतो. एवढ्यानं त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीपुरतं स्पष्ट केलं की वय झालं तरी कारवाईपासून संरक्षण मिळेल ते बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांनाच. नुसत्या वयापेक्षा धुराचं मानक बघायचं, हे मी कित्येक वर्षं मागत होतो. त्या मापात माझी पद्मिनी बसत नाही, तरी मागणी मी मागे घेणार नाही. माझं म्हणणं एवढंच की मधल्या पस्तीस वर्षांसाठी काहीतरी वर्ग ठेवा. वर्षाला ठरावीक किलोमीटरची अट घाला, कडक तपासणी करा, दाट वस्तीत आणू नका म्हणा, सगळं मान्य आहे. आणि यार्डांनी सुटे भाग विकलेच पाहिजेत, अशी अट घाला. घरात यावरही एकमत नाही. बायकोचं म्हणणं, सवलत मागणारा प्रत्येक जण असंच बोलतो.

पुढचं पासिंग २०२९ मध्ये आहे. दहा हजार बाजूला काढून ठेवलेत. तुमच्यापैकी कुणी पद्मिनी भंगारात द्यायला निघाला असाल, तर यार्डाच्या फाटकातून आत न्यायच्या आधी मला कळवा. भंगाराच्या भावाहून चार पैसे जास्त देईन. डाव्या दाराची त्रिकोणी काच मला अजून मिळालेली नाही.