जर्मनच्या पातेल्यातला मोरचूद

आमचं कृषी सेवा केंद्र तासगाव भागात आहे, सगळा द्राक्षाचा पट्टा. मी स्वतः केमिस्ट्रीत बीएस्सी केलंय आणि गेली बरीच वर्षं दुकानात बसतो. हा किस्सा एप्रिलमधला, खरड छाटणी उरकत आलेली आणि ओलांड्याला, खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुना कालवून केलेलं बुरशीनाशक) लावायची गडबड चालू होती.

सकाळी दुकान उघडतोय तोवर नेहमीचे एक गिऱ्हाईक, मी त्यांना आण्णाच म्हणतो, मोटरसायकलवर पोत्यात गुंडाळलेलं एक मोठं पातेलं घेऊन आले आणि काउंटरवर आदळलंच.

"बघ काय दिलंयस मला. ह्यो मोरचूद न्हाय, कसलं तरी अ‍ॅसिड हाय. पातेल्याला भोकं पाडली ह्यानं!"

पातेलं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं. तळाला खरंच तीन-चार भोकं, कडेला सगळीकडे खरवडल्यासारखे खड्डे आणि आत लाल-तपकिरी चिखल. एका बाटलीत त्यांनी वरचं पाणी आणलेलं, तेही निळं नव्हतं, गढूळ पांढुरकं. मोरचुदाचं पाणी आणि निळं नाही म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. बनावट माल बाजारात येतोच, आणि त्याच लॉटमधली बरीच पोती मी आठवडाभरात विकली होती. माझ्याकडनं खोटा माल लोकांच्या बागेत गेला असेल ह्या विचाराने मला काही सुचेना.

आण्णांना बसवलं, चहा सांगितला आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. आदल्या संध्याकाळी 2 किलो मोरचूद 10 लिटर पाण्यात भिजत घातला, चुना वेगळा, म्हणजे हिशोब बरोबर होता. प्लास्टिकचा ड्रम फुटला म्हणून जर्मनचं पातेलं घेतलं. तासाभराने बघतात तर फेस आलेला, वाफा निघतायत, पातेल्याला हात लावता येत नाही. "चूल न्हाय, जाळ न्हाय, आन् पानी उकळाय लागलं!" घरातली माणसं घाबरून गोठ्यापर्यंत लांब गेली होती म्हणे.

लाल चिखल बघितल्यावर मला अंदाज आला की हे तांबं असणार. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि अ‍ॅल्युमिनियमला तांब्यापेक्षा इलेक्ट्रॉन सोडायची घाई कितीतरी जास्त. इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या टेबलमध्ये बघितलं तर अ‍ॅल्युमिनियम -1.66 व्होल्ट, तांबं +0.34, म्हणजे दोघांत 2 व्होल्टचा फरक. जस्त आणि तांब्याचा जो सेल आपण कॉलेजात करतो त्यात 1.10 असतो, लोखंड-तांब्यात 0.78. इलेक्ट्रॉन अ‍ॅल्युमिनियमकडून तांब्याच्या आयनकडे जातात, तांबं धातू होऊन खाली बसतं आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्यात विरघळतं. भोकं पडली ती अशी.

पण आण्णा म्हणाले ते ऐकून मी परत अडकलो. "गेल्या साली पन ह्याच पातेल्यात केलंतं की. तवा कायबी झालं न्हाय." आणि हे खोटं नव्हतं, कारण अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा इतका घट्ट पातळ थर असतो की 2 व्होल्टचा ओढा असूनही नुसत्या मोरचुदाच्या पाण्यात ते तासन् तास गप्प बसू शकतं. थर्मोडायनॅमिक्स सांगतं उतार कुठल्या बाजूला आहे आणि किती खोल आहे, पण गडगडत सुटायच्या आधी वाटेतला दगड कोण काढणार ते सांगत नाही. मग ह्या वर्षी दगड कुणी काढला?

मी विचारलं, ह्या पातेल्यात आधी काय केलं होतं? बराच वेळ आठवेना. मग म्हणाले, उसाला सोडायला पोटॅश भिजवला होता परवा, पातेलं नुसतं उपडं करून ठेवलेलं, धुतलं नव्हतं.

पोटॅश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइड हाच तो, ऑक्साइडच्या थराला बारीक बारीक छिद्रं पाडणारा, आणि एकदा छिद्रातनं उघडा अ‍ॅल्युमिनियम दिसला की तांबं त्यावर चढायला लागतं, पाणी गरम होतं, गरम झालं की आणखी जोरात होतं, आणि मग ते कुणाच्या हातात राहत नाही.

आण्णांना नुसतं सांगून पटलं नसतं, मलाही माझ्या मालाची खात्री हवी होती. त्याच लॉटमधला मोरचूद घेतला, दोन काचेच्या ग्लासात 100-100 मिली पाणी, प्रत्येकात 10 ग्रॅम, आणि दोन्हींत पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा चुरगाळलेला तुकडा. एकात चिमूटभर पोटॅश टाकला. शेजारच्या दूध संकलन केंद्रातनं थर्मामीटर मागून आणला. पहिला ग्लास चहा संपेपर्यंत जसाच्या तसा, निळाशार. दुसऱ्यात आधी फॉइलवर तपकिरी ठिपके, मग बुडबुडे, मग फॉइलचे तुकडे गळायला लागले, आणि 31 अंशावरचा पारा चढत चढत 54 वर गेला. आण्णा थर्मामीटर सोडून नुसते ग्लासाला बोट लावून बघत होते.

मग मी बिलाच्या मागे हिशोब मांडला. एक मोल (साधारण 63.5 ग्रॅम) तांबं असं खाली बसलं की साधारण 420 किलोज्यूल उष्णता सुटते. मोकळी ऊर्जा, म्हणजे कामाला लावता येईल तेवढी, 386 च्या आसपास भरते, कारण अ‍ॅल्युमिनियमचा तीन प्रभारांचा आयन पाण्याच्या रेणूंना घट्ट जखडून धरतो, त्याने एंट्रॉपी (विस्कळीतपणा) कमी होते आणि मधला फरक तिथे जातो. (हे मी बीएस्सीला पाठ केलं होतं, कळलं त्या दिवशी.) लोखंडाचा उष्णतेचा आकडा 154 च्या आसपास. 2 किलो मोरचूद म्हणजे 8 मोल, म्हणजे 3360 किलोज्यूल, 10 लिटर पाण्याला कागदावर 80 अंशांची वाढ. एप्रिलच्या संध्याकाळी पाणी आधीच कोमट. थोडी उष्णता वाटेत गेली म्हणून बरं. आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे, पातेलं अंगणात उघड्यावर होतं आणि जवळ चूल नव्हती ह्याचं मला आजही हायसं वाटतं.

शेवटची परीक्षा चिखलाची. 2 किलो अस्सल मोरचुदात 508 ग्रॅम तांबं असायला हवं. चिखल चार-पाच वेळा धुतला, पांढरा बुळबुळीत भाग ओतून दिला, पेपरवर उन्हात वाळवला आणि काट्यावर ठेवला तर 470 ग्रॅम. धुताना, वाहतुकीत थोडं सांडलेलंच होतं. माल खरा होता! खुर्चीत बसलो तेव्हा हात थरथरत होते हे मला कळलं.

बोर्डो तयार झाल्यावर लोखंडी विळा बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, हे मी दुकानात रोज कुणाला ना कुणाला सांगतो. तीच रिअ‍ॅक्शन, नुसता धातू वेगळा. तरी प्लास्टिकच्या ड्रमाबद्दल बोलताना "जर्मनचं नको" हे शब्द माझ्या तोंडून आण्णांसमोर कधी निघाले नव्हते. ती चूक माझीच, म्हणून 2 किलो मोरचूद आणि एक ड्रम त्यांना तसाच दिला. पैसे न देता घ्यायला ते तयार नव्हते, शेवटी ड्रमाचे घेतले.

निघताना पुडीतलं तांबं हातात घेऊन म्हणाले, "ह्याचा परत मोरचूद हुईल का रं?"

सहजासहजी नाही, म्हटलं. उतारावरनं आलेलं पाणी वर चढवायला जशी मोटर लागते तसं आहे, नुसत्या पातळ गंधकाम्लात तांबं ढिम्म हलत नाही, तापवावं लागतं, हवा द्यावी लागते. त्यांनी थोडा विचार केला, पुडी खिशात घातली आणि म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. नातवाला दाखवतो, बारावीला हाय त्यो."

दुपारी त्या नातवाचा फोन आला, काका, 420 चा आकडा कुठनं काढला म्हणून.